गरोदरपणाचे शेवटचे महिने, झोपण्याची स्थिती आणि हृदय : या चुका टाळा

गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत उताणे झोपल्यावर थोड्याच वेळात घेरी येणे, मळमळणे, दरदरून घाम फुटणे किंवा छातीत धडधडणे, या तक्रारींचे खापर बहुधा अशक्तपणावर फोडले जाते. त्यातूनच सर्वांत मोठी चूक घडते, ती म्हणजे भोवळ आलेल्या स्त्रीला सपाट उताणे निजवून तिचे पाय उंच करणे. एरवी योग्य असलेला हा प्रथमोपचार येथे उलटा पडतो. शरीराच्या खालच्या भागातील रक्त हृदयाकडे नेणारी अधोमहाशिरा पाठीच्या कण्याच्या किंचित उजवीकडून वर जाते. तिची भिंत पातळ आणि आतला दाब कमी असल्यामुळे, साधारण विसाव्या आठवड्यानंतर वाढलेल्या गर्भाशयाचा भार पडला की ती चेपली जाते, हृदयाकडे परतणारे रक्त घटते आणि हृदय पुढे ढकलत असलेले रक्तही त्याच प्रमाणात कमी होते. दिवस भरत आलेल्या स्त्रीमध्ये ही घट सुमारे २५ ते ३० टक्के असू शकते. वाटच दाबलेली असताना पाय उंच करून फारसे साधत नाही. तिला आधी कुशीवर, शक्यतो डाव्या, वळवावे. कारण हेच असेल, तर एक-दोन मिनिटांत बरे वाटू लागते.

‘मला उताणे झोपून काहीच होत नाही’ हा युक्तिवादही फसवा आहे. बहुसंख्य स्त्रियांमध्ये कण्यालगतच्या पर्यायी शिरांतून रक्त वर जाते, नाडीचा वेग वाढतो, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि दंडावर मोजलेला रक्तदाब जेमतेम हलतो. मात्र त्याच वेळी गर्भाशयाकडे जाणारा रक्तप्रवाह कमी झालेला असू शकतो.

रक्तदाब मोजतानाची एक चूक तर सहज नजरेतून सुटते. डाव्या कुशीवर झोपलेल्या स्त्रीच्या वरच्या, म्हणजे उजव्या दंडाला पट्टा बांधला, तर तो दंड हृदयापेक्षा उंचावर असल्याने आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो आणि वाढलेला रक्तदाब लपून राहतो. पाठीला आधार देऊन बसावे, दंड हृदयाच्या पातळीत ठेवावा आणि मगच मोजावे.

कमरेखाली पातळ उशी सरकवून निश्चिंत होणेही बरोबर नाही. १५ अंशांचा कल पुरेसा असतो, असे दीर्घकाळ मानले जात होते. परंतु एमआरआय तपासणीत त्या कलाला शीर जवळपास दबलेलीच दिसली आणि ३० अंशांना ती काही प्रमाणात मोकळी झाली. त्यापेक्षा पूर्ण कुशीवर वळून पाठीमागे लोड ठेवणे सोपे.

डाव्या कुशीचा आग्रह मात्र अनेकदा नको तितका ताणला जातो. २८ आठवड्यांनंतर झोपी जाताना, दुपारच्या डुलकीसह, कुशीवर असावे. रात्रीच्या झोपेसाठी उजवी कूसही चालते. जाग आल्यावर आपण उताणे आहोत असे लक्षात आले, तर घाबरून न जाता कूस बदलावी आणि पुन्हा झोपावे.

कूस बदलूनही त्रास थांबत नसेल, आडवे होताच धाप लागून उशा वाढवाव्या लागत असतील, किंवा छातीत दुखत असेल, तर तो झोपण्याच्या स्थितीचा दोष समजू नये. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यात किंवा बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत हृदयाचा स्नायू दुर्बळ होण्याचा एक विरळ आजार याच लक्षणांनी सुरू होतो. त्यामुळे अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, आणि शुद्ध हरपली किंवा बसूनही धाप लागत असेल तर थेट रुग्णालय गाठावे.