कटल्याचं बी घेताना डोकं आणि ओठ बघा

पाऊस लागला की शहापूर-मुरबाडच्या शेततळ्यांवर मत्स्यबीजाच्या, म्हणजे माशांच्या पिल्लांच्या, पिशव्या उतरायला लागतात. विकणारा ‘कटला, रोहू, मृगळ’ एका दमात सांगतो, आपण नग मोजून पैसे देतो. त्यात कटला-रोहूचा संकर मिसळलेला असला तर तो हिशोबात कुठेच येत नाही.

हे मासे अंडी आणि वीर्य पाण्यातच सोडतात. हॅचरीच्या, म्हणजे बी तयार करणाऱ्या केंद्राच्या, एकाच गोल टाकीत दोन जातींचे नर-माद्या एकत्र सोडले, की कुणाचं वीर्य कुणाच्या अंड्याला लागलं ते सांगता येत नाही.

इंचभर पिल्लात शेपटीचा देठ बघा. रोहूला तिथे गडद पट्टा, मृगळाला त्रिकोणी काळा ठिपका, कटल्याला काहीच नाही. पण संकर या वयात ओळखणं अवघड, म्हणून तीन-चार इंची पिल्लं, म्हणजे बोटुकलीच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी. वीस-पंचवीस नग पांढऱ्या टबात काढा आणि ओल्या हाताने एकेक उचला. कटल्याचं डोकं मोठं, तोंड वर वळलेलं, खालचा जबडा पुढे, मिशा नाहीत, ओठ साधे. रोहूचं डोकं लहान, तोंड खाली, ओठांना झालर, बारीक मिशा. डोकं कटल्यापेक्षा लहान, तोंड किंचित वर आणि ओठांवर पुसटशी झालर असा नग दिसला तर संशय घ्या. खवले मोजत बसू नका, दोघांच्याही बाजूच्या रेषेवर ते चाळिशीच्या आसपासच भरतात.

संकर खायला वाईट नाही. डोकं लहान असल्यामुळे मांस उलट जास्तच निघतं. अडचण तळ्यात होते. कटला वरचं खातो, रोहू मधलं, मृगळ तळाचं, या हिशोबाने आपण साधारण 3:4:3 असं बी सोडतो. संकर वरच्या आणि मधल्या अशा दोन्ही थरांत वाटेकरी होतो. शिवाय तो वांझ नसतो, त्यामुळे पुढे पैदाशीला ठेवला तर भेसळ वाढतच जाते. असा मासा विकून टाका, नर-मादी म्हणून राखू नका.

भिवंडी-कल्याणकडे कुणी ‘देशी मागूर’ (लांब मिशांचा, बिनखवल्यांचा मासा) म्हणून बी दिलं तर जास्तच जपा. आफ्रिकन मागूर पाळायला 2000 पासून बंदी आहे आणि त्याचा देशीशी संकर होतो. जरा मोठ्या माशाच्या डोक्यामागच्या हाडावर बोट फिरवा: देशीचं गोलसर, आफ्रिकनचं टोकदार, संकराचं मधलंच काहीतरी.

बी सोडण्याआधी पिशवी 15-20 मिनिटं तळ्यात तरंगत ठेवा. सांडव्याला बारीक जाळी आजच बांधा. श्रावणातल्या एका मोठ्या सरीत तळं भरून वाहिलं, की मासे ओढ्याने भातसा-काळू नद्यांत पोचतात.