जीएम तेल टाळायचे की नाही, हे कसे ठरवावे

भारतात अन्नपीक म्हणून व्यापारी लागवडीची परवानगी असलेले एकही जीएम, म्हणजे जनुकीय बदल केलेले, पीक आज शेतात उभे नाही. बीटी वांग्यावर, म्हणजे अळीला मारक ठरणारे जिवाणूचे जनुक घातलेल्या वांग्यावर, २०१० साली स्थगिती आली आणि डीएमएच-११ या जीएम मोहरीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. तरीही जीएम पिकापासून निघालेले तेल मात्र अनेक स्वयंपाकघरांत पोहोचले आहे, त्यामुळे निवडीची सुरुवात भाजीच्या टोपलीपासून न करता तेलाच्या डब्यापासून करावी.

प्रथम तेलाचे नाव पाहावे. २००२ साली परवानगी मिळालेल्या बीटी कापसाने आता देशातील नव्वद टक्क्यांहून अधिक कापूस क्षेत्र व्यापले असल्यामुळे सरकीचे तेल जीएम पिकाचेच धरून चालावे. विदर्भ-मराठवाड्यातले सोयाबीन जीएम नसते, परंतु अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून येणारे सोयाबीन तेल बहुतांशी जीएम पिकाचे असते आणि पिशवीवरून दोन्हींतला फरक सहसा कळत नाही. शेंगदाणा, करडई, तीळ, खोबरे, सूर्यफूल, एवढेच काय पामतेलाबाबतही हा प्रश्न उद्भवत नाही. पाकिटावर ‘जीएम’ असे छापण्याचा नियम २०१३ साली लागू झाला, पण तो शिक्का दुकानात क्वचितच दिसतो; म्हणून फरसाण किंवा बिस्किटे घेताना घटकांच्या यादीत कोणत्या तेलाचे नाव आहे तेच वाचावे. तूरडाळीवर किंवा मिठावर ‘जीएम-मुक्त’ असे लिहून जास्त पैसे मागितले, तर ते देऊ नयेत, कारण जीएम तूरडाळ बाजारात नाहीच आणि मिठाला तर जनुकेच नसतात.

यानंतर आपला आक्षेप नेमका कशाला आहे, हे स्वतःशी स्पष्ट करावे. बहुतेक जण नेमकी हीच पायरी गाळतात. आक्षेप आरोग्याचा असेल, तर शुद्धीकरणानंतर तेलात प्रथिने आणि डीएनए जवळजवळ उरत नाहीत, हे लक्षात घ्यावे. केवळ या भीतीपोटी महागडे घाण्याचे तेल घेण्यापेक्षा एकूण तेलच कमी वापरणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. घाण्याच्या तेलाची चव आवडत असेल, तर गोष्ट वेगळी. आक्षेप बियाण्यांवरील कंपन्यांच्या पकडीला असेल, तर सरकीचे तेल नाकारून फारसे काही साधत नाही, कारण शेतकरी कापूस लावतो तो रुईसाठी आणि सरकी हे त्याचे जोडउत्पादन असते.

कीटकनाशकांचा तिटकारा असणाऱ्यांची कोंडी सर्वांत अवघड असते. शेंडा व फळे पोखरणाऱ्या अळीमुळे वांग्यावर वारंवार फवारण्या होतात. बांगलादेशात २०१४ पासून लावलेल्या बीटी वांग्याने त्या घटवल्या, म्हणजे जीएम नाकारताना आपण अप्रत्यक्षपणे फवारणीचे वांगे पत्करत असतो. मात्र महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळी बीटी कापसाला दाद देईनाशी झाली, त्यामुळे हा फायदा कायमचा मानू नये. दोन्ही टाळायचे असल्यास ‘जैविक भारत’ चिन्ह असलेला माल घ्यावा, कारण प्रमाणित सेंद्रिय उत्पादनात जीएम बियाणे आणि रासायनिक कीटकनाशके या दोहोंना मनाई असते. मात्र त्याची किंमत जास्त पडते. महिन्याचा खर्च तेवढा ताणता येत नसेल, तर रोजच्या वापराचे तेल आणि वांगी एवढ्यापुरताच हा नेम ठेवावा.