कॅमेऱ्यावर लाख, स्टँडवर शून्य: ब्रँड फोटोग्राफीच्या सामानातल्या या चुका टाळा

महिन्यातून चार-पाच फोन येतातच. कधी लातूरहून, कधी परभणीहून. "सर, प्रॉडक्ट शूट सुरू करायलोय, कोणता कॅमेरा घेऊ?" मी विचारतो, लाइट कोणते आहेत? तिकडे शांतता. मग हळूच, "ते नंतर बघू की." हे 'नंतर' बहुतेकांचं उजाडतच नाही, कारण कॅमेऱ्याचे हप्तेच फिटत नाहीत.

मसाल्याचं पाकीट, करडई तेलाची बाटली, हिमरू शाल. यांचे फोटो काढायला फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरची महाग बॉडी लागत नाही. सेकंड हँड क्रॉप सेन्सर (लहान सेन्सरची) बॉडी, ५० मिमीची साधी लेन्स, एफ/८ (लेन्सचं तोंड किती उघडं ते), आयएसओ १०० (सेन्सरची उजेड टिपायची संवेदनशीलता) आणि डुगडुगणार नाही असा ट्रायपॉड. एवढ्यात वेबसाइटचंच काय, दुकानावरच्या फ्लेक्सचंही काम निघतं. उरलेला पैसा उजेडावर घाला. हे सांगितलं की पोरांचा चेहरा पडतो, कारण लाइट स्टँड गळ्यात अडकवून फोटो काढता येत नाही ना.

आता माझी सगळ्यात नावडती चूक: मिसळलेला उजेड. नावडती अशासाठी की ती मी स्वतः केली आहे.

सुरुवातीच्या दिवसांत पैठणला एका विणकर कुटुंबाचं काम मिळालं. बारा साड्या, एक दिवस, पैसे बेताचे. खोलीच्या भिंतींना पोपटी डिस्टेंपर, वर ट्यूब चालू, डाव्या हाताला खिडकी आणि मी नेलेलं एक स्वस्त एलईडी पॅनल. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं याची सेटिंग, ऑटोवर. मोबाइलवर फोटो झकास दिसले, मी खुश, तेही खुश. पंधरा दिवसांनी फोन आला. दोन साड्या परत आल्या होत्या. गेलो तर घरातल्या मावशींनी काही न बोलता पदर माझ्या फोटोशेजारी धरला. "आपली साडी जांभळी हाय बाबा. ही तर निळी दिसायली."

ती धूपछाँव होती. ताणा म्हणजे उभा धागा तांबडा, बाणा म्हणजे आडवा धागा निळा, म्हणून डोळ्याला जांभळी. स्वस्त एलईडीच्या उजेडात लाल रंग नीट उठत नाही, त्यामुळे तांबडा ताणा फोटोत मेला आणि निळा बाणा तेवढा उरला. वरून ट्यूबची हिरवट झाक आणि भिंतीचा पोपटी. फोटोशॉपमध्ये दुरुस्त करायला बसलो तर पदर सुधारला की काठ बिघडे, काठ सुधारला की जरीची तार हिरवी. एका फ्रेममध्ये तीन जातींचे उजेड असले की एका स्लायडरने तिन्ही सरळ होत नाहीत. सगळ्या साड्या परत शूट केल्या, फुकट.

तेव्हापासूनची माझी सवय सांगतो, कुठल्या कोर्समध्ये शिकवतात की नाही ठाऊक नाही. खोलीत शिरलो की आधी घरातले सगळे दिवे बंद. रंगीत भिंतींवर पांढऱ्या चादरी. मग एकच जात: एकतर फक्त खिडकी, नाहीतर फक्त माझे लाइट. पॅनल घेताना सीआरआय, म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात तो आकडा, ९५च्या वरचा बघतो. मांडणी बदलली की पहिल्या फ्रेममध्ये १८ टक्के ग्रे कार्ड, म्हणजे ठराविक राखाडी रंगाचा पुठ्ठा, नंतर रंग त्यावरून जुळवायला. कार्ड काही शेकड्यांत मिळतं, तरी ते बॅगेत नसलेले 'प्रोफेशनल' मी रोज बघतो. आणि निघण्याआधी लॅपटॉपच्या स्क्रीनशेजारी खरा पदर धरून घरातल्या बाईमाणसाला विचारतो. त्यांच्या डोळ्याला कॅलिब्रेशन लागत नाही. धूपछाँवचे दोन कोनांतून दोन फोटो देतो, कारण तो रंग हलतोच, लपवून उपयोग नाही. जरीचं म्हणाल तर जर ही आरशाची बहीण, समोर जे ठेवाल ते दाखवते. म्हणून लाइट एका बाजूने, मोठ्या डिफ्यूजरमधून (उजेड मऊ करणारा पांढरा पडदा) आणि दुसऱ्या बाजूला पांढरं थर्माकोल. थर्माकोल काढलं की जर काळी पडते, करून बघा.

"सर, प्रीसेट टाकला तर?" प्रीसेट म्हणजे फोटोवर चढवायची तयार रंग-सेटिंग; तिने मूड येतो, साडीचा खरा रंग येत नाही. गिऱ्हाईक पैसे रंगाचे देतं.

दुसरी चूक वजन न बांधलेल्या स्टँडची. जालन्याकडे मोसंबीच्या बागेत शूट होतं, एप्रिलचे दिवस. सकाळी पान हलत नव्हतं. मोठा सॉफ्टबॉक्स (फ्लॅशवर चढवायची, उजेड मऊ करणारी कापडी पेटी) लावलेला स्टँड नांगरलेल्या काळ्या ढेकळांत उभा केला, वजन काही नाही, "पाच मिनिटांचं तर काम" म्हणून. अकराच्या सुमारास वावटळ उठली. सॉफ्टबॉक्स म्हणजे शीडच, भरला आणि स्टँड गेला. फ्लॅशचं डोकं थेट ढेकळावर, ट्यूब फुटली. बांधावर बसलेल्या आजी म्हणाल्या, "दगुड बांधायचा व्हता की रे." मी त्या वेळी दोन वर्षं धंद्यात होतो आणि बॅगेत तीन लेन्स होत्या. दगड नव्हता.

बाजारातल्या सँडबॅग महाग वाटत असतील तर घेऊ नका. जुन्या जीन्सचे पाय कापा, दोन्ही टोकं शिवा, मध्ये वाळू. बाइकवरून जाणार असाल तर त्याहून सोपं: रिकाम्या खताच्या गोण्या न्यायच्या आणि जागेवर माती भरायची. येताना माती तिथेच. स्टँडचे पाय पूर्ण फाकवा, एक पाय ज्या बाजूला सॉफ्टबॉक्स झुकलाय त्या दिशेला हवा. वारा सुटला तर सॉफ्टबॉक्स उतरवून नुसता रिफ्लेक्टर वापरा, तोही माणसाच्या हातात. उंची कमी केली तरी अर्धं संकट टळतं, लाइट जवळ आला की उजेडही भरपूर मिळतो. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, हे गणित आहे. लाइट लांब ठेवून आयएसओ वाढवत बसणाऱ्यांनी ते पाठ करावं.

बाकीच्या चुका थोडक्यात.

एकच मेमरी कार्ड, तेही दीडशे रुपयाला मिळालेलं "ओरिजिनल". दोन स्लॉटची बॉडी असेल तर प्रत्येक फोटो दोन्ही कार्डांवर साठवा. नसेल तर जेवायच्या सुट्टीत लॅपटॉपवर उतरवा.

एलईडीखाली फोटोवर आडवे पट्टे येतात म्हणून कॅमेरा सर्व्हिसला टाकू नका. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, दिवा तिच्या तालात लुकलुकतो, म्हणून शटर १/५० किंवा १/१०० करा. आणि फ्लॅश लावून अर्धी फ्रेम काळी येत असेल तर शटर सिंक स्पीडच्या, म्हणजे फ्लॅशशी जुळणाऱ्या कमाल वेगाच्या वर गेलंय. १/२०० वर किंवा तुमच्या बॉडीची मर्यादा कमी असेल तर त्याखाली आणा.

सगळं शार्प यावं म्हणून एफ/२२. नको. एफ/१६च्या पुढे फोटो उलट मऊ पडतो आणि सेन्सरवरची धूळ ठिपक्यांनी हजेरी लावते. आपल्याकडे धूळ कमी आहे का? लेन्स रस्त्यावर उभं राहून बदलू नका, ब्लोअर जवळ ठेवा, तोंडाने फुंकू नका. थुंकी उडते.

कपड्याला वाफेची इस्त्री, स्टीलच्या भांड्याला सुती हातमोजे. बोटाचे ठसे पुसायला फोटोशॉपमध्ये जो तास जातो, त्यात दुसरं भांडं शूट होतं.

पावसाळ्यात लेन्स कपाटात कोंबून ठेवली की बुरशी. हवाबंद डबा आणि सिलिका जेल, पाकिटं ओली झाली की बदला.

लाइट जाणार, हे गृहीत धरा. मी बॅटरीवर चालणारा एक फ्लॅश आणि दोन चार्ज केलेल्या बॅटऱ्या कायम नेतो. एमआयडीसीत शूट असलं तरी.

फायनल फोटो व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, तिथे ते दाबले जातात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, तेही एसआरजीबीमध्ये, म्हणजे मोबाइल-वेबसाइटला चालणाऱ्या रंग-प्रकारात. नाहीतर गिऱ्हाईक म्हणतं, तुमच्या लॅपटॉपवर भारी दिसत होतं, माझ्या मोबाइलवर फिकं का दिसायलंय? आणि मग तुम्ही त्याच्या मोबाइलला नावं ठेवता.