शाळाबाह्य मुलाचा शाळाप्रवेश अडला तर

मुंबईत गोवंडी-मानखुर्दमध्ये अशी मुलं शोधत फिरणाऱ्या शिक्षकाने वस्तीत सकाळी अकराला जाऊ नये; मोठी माणसं कामावर आणि दार लावलेलं. संध्याकाळी सातनंतर जा. मुलाचं नाव, अंदाजे वय, घरची भाषा, शेवटची शाळा आणि शेजाऱ्याचाही फोन नंबर टिपून घ्या. भाड्याची खोली बदलली की पालकाचा नंबरही बरेचदा बदलतो.

गाडी अडते ती शाळेच्या खिडकीवर. ‘जन्मदाखला आणा, मग बघू.’ इथे वाद घालू नका, लेखी अर्ज द्या. शिक्षण हक्क कायदा, 2009 चं कलम 14 सांगतं की वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, तर कलम 5 दाखवा. अर्जाच्या दोन प्रती न्या. दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तोंडी नकाराविरुद्ध तक्रार करायला हातात काहीच उरत नाही.

दहा वर्षांच्या मुलीला ‘अक्षरओळख नाही’ म्हणून पहिलीत बसवतात. चिमुरड्यांत ती लाजते आणि चारच महिन्यांत शाळेतून गळते. कलम 4 प्रमाणे तिला वयानुरूप वर्ग आणि विशेष प्रशिक्षण, दोन्ही मागा. नुसता वर्ग मिळाला तर ती मागच्या बाकावर गप्प बसून राहील.

माध्यम घरच्यांना विचारूनच ठरवा. महापालिकेच्या शाळांत मराठीखेरीज हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, कन्नडही आहे.

पहिला महिना रोज हजेरी बघा. सलग तीन दिवस खाडा दिसला की त्याच संध्याकाळी घरी जा.