या चुका टाळा: 'वॉकर' आडनावाचं मूळ शोधताना लोक हमखास कुठे फसतात

जॉनी वॉकरच्या बाटलीवर उंच टोपी घालून ढांगा टाकत निघालेला माणूस असतो बघा, तो १९०८ मध्ये टॉम ब्राउन नावाच्या व्यंगचित्रकाराने काढला आणि तेव्हापासून जगाला वाटतं की वॉकर म्हणजे चालणारा. व्हिस्कीवाला खरा जॉन वॉकर स्कॉटलंडमधल्या किल्मारनॉकचा किराणा दुकानदार होता, दुकान १८२० चं. आपल्याकडचा जॉनी वॉकर म्हणजे बेस्टचा कंडक्टर बद्रुद्दीन काझी, त्याला हे नाव गुरुदत्तने याच व्हिस्कीवरून दिलं, म्हणजे त्याचा या घराण्याशी संबंध शून्य.

आता कुणाची सून किंवा जावई वॉकरांकडचा असतो आणि नातवंडांसाठी वंशवृक्ष करायला घेतला जातो, कुणाला जुन्या ख्रिस्ती कबरीवर हे नाव दिसतं आणि शोधाशोध सुरू होते. वॉकर इंग्लंडमधल्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या पहिल्या वीस आडनावांत येतं त्यामुळे माहिती ढिगाने मिळते, आणि गडबड तिथेच होते.

नाव वाचून अर्थ लावणे

वॉकरचा अर्थ चालणारा असा नाहीच. जुन्या इंग्रजीत 'वेअलकेरे' म्हणजे लोकरीचं कापड तुडवणारा. मागावरून नुकतं उतरलेलं लोकरीचं कापड सैल, विरळ आणि तेलकट असतं, ते तसंच अंगावर घेऊन उपयोग नाही. मग ते मोठ्या कुंडात टाकायचं, त्यात पाणी आणि शिळं मूत ओतायचं (हो, माणसांचंच, घरोघरी जाऊन गोळा केलेलं, कारण शिळ्या मुतातल्या अमोनियाने तेलकटपणा सुटतो) आणि अनवाणी पायांनी तासन्‌तास तुडवत राहायचं. तेल शोषून घ्यायला एक खास चिकणमातीही वापरायचे. तुडवून तुडवून लोकरीचे धागे एकमेकांत गुंततात, कापड आटतं, जाड होतं, वारा-पाऊस अडवतं. नंतर ते लाकडी चौकटीवर ताणून आकड्यांना अडकवून वाळवायचं. बाराव्या शतकाच्या शेवटापासून पाणचक्कीवर चालणारे लाकडी हातोडे आले आणि पायांचं काम हातोड्यांनी घेतलं, पण लोकांच्या तोंडातला जुना शब्द काही गेला नाही, उत्तर इंग्लंडात त्या चक्कीलासुद्धा वॉक मिलच म्हणत राहिले.

यात मजा अशी की याच कामाला इंग्लंडात भागाप्रमाणे वेगळं नाव होतं. आग्नेयेकडे फुलर, नैऋत्येला डेव्हन-सॉमरसेटकडे टकर आणि उत्तरेला नि मिडलंड्सला वॉकर. तिन्ही आडनावं झाली. एक्सेटरमध्ये या कारागिरांच्या संघाची १४७१ ची इमारत अजून उभी आहे, नाव टकर्स हॉल. चौदाव्या शतकाच्या शेवटी जॉन वायक्लिफ या धर्मसुधारकाच्या मंडळींनी बायबल इंग्रजीत आणलं तेव्हा मार्कच्या नवव्या अध्यायात येशूचे कपडे पांढरेशुभ्र झाले तिथे 'फुलर किंवा कापडाचा वॉकर' असे दोन्ही शब्द शेजारी शेजारी घातलेत, म्हणजे एकच शब्द सगळ्यांना कळणार नाही हे त्यांनाही माहीत होतं.

त्यामुळे तुमचा वॉकर सतराव्या शतकात डेव्हनमध्ये सापडला तर थोडं थबका, तो किंवा त्याचा आजा उत्तरेकडून आलेला असण्याची शक्यता जास्त.

आणखी दोन खड्डे याच रस्त्यावर आहेत. न्यूकॅसलजवळ वॉकर नावाचं गाव आहे (आता शहरातच आलंय), त्या नावाचा कापडाशी काही संबंध नाही, रोमन सम्राट हेड्रियनने बांधलेल्या भिंतीजवळची दलदल असा त्याचा अर्थ. टाइन नदीच्या आसपासच्या एखाद्या घराण्याचं नाव त्या गावावरून पडलेलं असू शकतं. दुसरं म्हणजे स्कॉटलंडच्या हायलँड्समध्ये गेलिक भाषेत 'कापड तुडवणाऱ्याचा मुलगा' असं एक आडनाव होतं, ते इंग्रजी कागदांवर आलं की सरळ वॉकर व्हायचं, म्हणजे आडनाव इंग्रजी पण माणूस गेलिक.

सगळे वॉकर एकाच घराण्यातले समजणे

आपल्याकडे दोन पाटील भेटले म्हणून कुणी भाऊबंद समजतं का? तसंच हे. लोकरीचं काम होतं त्या प्रत्येक गावात कुणीतरी तुडवणारा होता, त्यामुळे हे आडनाव शेकडो ठिकाणी स्वतंत्रपणे तयार झालं. डीएनए टेस्ट करून 'सगळे वॉकर इथून आले' असं सांगणाऱ्या पोस्टवर म्हणूनच विश्वास ठेवू नका. सरळ बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राची टेस्ट दोन विशिष्ट वॉकर कुटुंबं जुळतात का हे सांगायला चांगली आहे, त्यापलीकडे नाही, आणि दत्तक किंवा आईचं आडनाव लागलेलं मूल मधे आलं की तीही हात टेकते.

आडनावाचं कुलचिन्ह (ढालीवरचं 'कोट ऑफ आर्म्स') विकणाऱ्या दुकानांबद्दल एकच वाक्य पुरे: इंग्लंडात असं चिन्ह एका व्यक्तीला आणि तिच्या पुरुष-वंशाला मिळतं, आडनावाला मिळत नाही, तेव्हा त्या फ्रेमवर पैसे घालवू नका.

आडनावावरून धंदा ठरवणे

आडनावं बापाकडून मुलाकडे जायला लागली ती साधारण तेराव्या-चौदाव्या शतकात, म्हणजे १७५० चा वॉकर नांगर धरत असेल नाहीतर कोळशाच्या खाणीत असेल. अगदी जुना काळ असेल तर मात्र तपासता येतं. १३७९ च्या डोईपट्टीच्या (माणशी कराच्या) याद्या यॉर्कशायरच्या वेस्ट रायडिंग या पश्चिम भागासाठी फार छान टिकल्यात, त्यात साध्या माणसाला ४ पेन्स आणि कारागिराला बहुतेक वेळा ६ पेन्स लावलेत, आणि कित्येकदा धंदाही लिहिलेला असतो. वॉकर नावापुढे ४ पेन्स दिसले आणि धंदा लिहिलेला नसला तर त्याच्या घरात तेव्हाच नुसतं नाव उरलेलं असू शकतं.

इतक्या जुन्या काळातलं नाव टाकलं तर सर्चमध्ये काहीच येत नाही अशी तक्रार असेल तर कारण बहुतेक हे की कारकून लॅटिनमध्ये लिहायचे आणि आडनावाचंही भाषांतर करून टाकायचे. तोच माणूस एका कागदावर 'फुल्लो' (लॅटिनमध्ये कापड तुडवणारा), दुसऱ्यावर 'ले वॉकरे'. स्पेलिंगचं तर विचारूच नका, सोळाव्या शतकातसुद्धा एकाच पानावर दोन तऱ्हा मिळतात, त्यामुळे 'आमचं स्पेलिंग वेगळं म्हणजे घराणं वेगळं' हा हट्ट सोडा.

वरून खाली यायला बघणे

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. इंटरनेटवर सोळाव्या शतकातला कुणीतरी नामवंत वॉकर सापडतो आणि त्याच्यापासून आपल्यापर्यंत रेघ ओढायचा प्रयत्न सुरू होतो. उलट करा, आजपासून मागे, एकेक पिढी, प्रत्येक पायरीला कागद.

इंग्लंड-वेल्समध्ये सरकारी जन्म-लग्न-मृत्यू नोंदणी १ जुलै १८३७ पासून. जन्माची नोंद मिळत नाही म्हणून हताश होऊ नका, १८७५ पर्यंत नोंद न करणाऱ्याला खरा धाक नव्हता, बरीच मुलं सुटलीत. लग्नाचं सर्टिफिकेट आधी मागवा, त्यात दोघांच्या बापांची नावं आणि धंदे असतात, एकाच कागदात दोन पायऱ्या.

जनगणनेत १८४१ ची जरा जपून वापरा. पंधराच्या वरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहायला सांगितलं होतं, म्हणजे ३९ चा माणूस ३५ होतो, आणि जन्म कुठला तर याच काउंटीतला (जिल्ह्यातला) का, हो किंवा नाही, एवढंच. लोक त्या ३५ वरून जन्मसाल काढतात आणि मग चर्चच्या रजिस्टरात चार वर्षं चुकीच्या जागी शोधत बसतात. १८५१ ची उघडा, गावासकट मिळेल.

१८३७ च्या मागे चर्चची रजिस्टरं, ती १५३८ मध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्या हुकमाने सुरू झाली पण पहिल्या वर्षापासूनची सगळीकडे टिकलेली नाहीत. इथला खरा शत्रू म्हणजे जॉन. जॉन, विल्यम आणि थॉमस या तीन नावांवर इंग्लंडने शतकं काढली. समजा यॉर्कशायरमधल्या हॅलिफॅक्सच्या बाजूला दहा वर्षांत तीन जॉन वॉकरांचा बाप्तिस्मा झाला, त्यातला आपला कुठला? मृत्यूच्या नोंदी बघा आधी. त्यातला एक सहा महिन्यांत गेलेला निघतो, आणि बऱ्याचदा त्याच आईबापांनी पुढच्या मुलाला परत जॉनच नाव ठेवलेलं असतं. दुसऱ्याचं लग्न शेजारच्या गावात झालेलं सापडतं. मग उरतो तो आपला, तोही मृत्युपत्रात किंवा साक्षीदारांच्या सह्यांत नातेवाईक जुळले तरच. लोकांच्या ऑनलाइन झाडांमध्ये हे कुणी केलेलं नसतं, एकाने लहानपणीच वारलेल्या जॉनला लग्न लावून दिलं की चाळीस जण कॉपी मारतात.

तारखांची पण एक गंमत. इंग्लंडात १७५१ पर्यंत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे रजिस्टरात फेब्रुवारी १७४० लिहिलं असेल तर तो आपल्या हिशोबाने फेब्रुवारी १७४१. आईबापांचं लग्न मे १७४० चं आणि मूल फेब्रुवारी १७४० चं असं दिसलं म्हणून लगेच भानगड समजू नका, मूल नऊ महिन्यांनीच झालंय.

मुंबई-बडोद्याकडचे वॉकर

ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातले वॉकर शोधताय तर इथल्या चर्चमध्ये हेलपाटे घालायच्या आधी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतली इंडिया ऑफिसची कागदपत्रं बघा, मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदींच्या नकला तिकडे पाठवलेल्या असायच्या. आणि माणूस इंग्रज आहे असं गृहीत धरू नका. गायकवाडांच्या बडोद्यातला कंपनीचा रेसिडेंट (दरबारातला प्रतिनिधी) अलेक्झांडर वॉकर, ज्याने १८०७ मध्ये काठियावाडात कुणी किती खंडणी द्यायची ते ठरवून दिलं, तो फाइफमधल्या पाद्र्याचा मुलगा, पक्का स्कॉटिश. त्याला 'बोलंडचा वॉकर' म्हणतात, आणि लँकेशायरमध्येही बोलंड नावाचा प्रसिद्ध भाग आहे, त्यामुळे माणसं तिकडे शोधायला जातात, पण त्याचं बोलंड म्हणजे दक्षिण स्कॉटलंडातली इस्टेट आणि त्याचे कागद एडिनबर्गच्या नॅशनल लायब्ररीत. स्कॉटिश वॉकर निघाला की वरच्या तारखाही बदलतात: तिथे सरकारी नोंदणी १८५५ ची, आणि १ जानेवारीला वर्ष सुरू करायची पद्धत १६०० पासूनच, म्हणजे फेब्रुवारी १७४० तिथे फेब्रुवारी १७४० च राहतो.