जीवाश्मांची सहल कशी काढावी: जागा निवडण्यापासून दगडाला चिठ्ठी लावण्यापर्यंत

माझ्या कपाटात एक देखणा अमोनाइट आहे, म्हणजे फार पूर्वी नामशेष झालेल्या एका समुद्री प्राण्याचा वेटोळ्या शिंपल्याचा जीवाश्म. तळहाताएवढा, वेटोळी अखंड, कडेच्या कंगोऱ्यांसकट. तो कुठे सापडला ते मला सांगता येत नाही. पहिल्या सहलीत आम्ही एका दिवसात तीन ठिकाणं पाहिली आणि मी उत्साहाच्या भरात सगळे दगड एकाच पिशवीत भरले. संध्याकाळी पिशवी उपडी केली तेव्हा कुठला दगड कुठला, काही कळेना. शोभेची वस्तू म्हणून तो आजही छान दिसतो, पण अभ्यासाला त्याचा उपयोग नाही. तो कोणत्या थरातला, त्याच्या शेजारी आणखी काय होतं, हे सगळं त्या पिशवीत हरवलं.

खाली दिलेल्या पायऱ्या सगळ्या त्या चुकीभोवती फिरतात. दहा-वीस हौशी माणसांना घेऊन जीवाश्म शोधायला जायचं, सगळ्यांनी धडधाकट परत यायचं आणि प्रत्येक दगडाने आपला पत्ता सोबत आणायचा, एवढं साधलं की सहल जमली.

१. जागा आधी ठरवा, माणसं नंतर जमवा

जीवाश्म बहुतेक वेळा गाळाच्या खडकात मिळतात: चुनखडी, शेल (चिखल दाबून झालेला पानापानांचा दगड), वालुकाश्म, चिकणमातीचे थर. लाव्हा थिजून झालेल्या खडकात शोधण्यात अर्थ नसतो. मात्र लाव्हाच्या दोन थरांच्या मधल्या काळात एखादं तळं साचलं असेल, तर त्याच्या गाळात पानं, बिया, शिंपले सापडू शकतात. परिसराचा भूशास्त्रीय नकाशा मिळवा आणि नदीने कापलेले काठ, समुद्रकड्यांच्या पायथ्याचा किनारा, खाणींमधले राडारोड्याचे ढीग कुठे आहेत ते पाहा.

पहिल्या सहलीसाठी दुर्मीळ जीवाश्मांची जागा निवडू नका. जिथे साधे शिंपले, पानांचे ठसे किंवा शार्कचे दात भरपूर मिळतात तिथे जा. नवख्या माणसाला पहिल्या तासात हाताला काहीतरी लागलं पाहिजे, नाहीतर दुसऱ्या सहलीला तो येत नाही. आणि ‘डायनासोर बघायला चला’ असं आमंत्रण चुकूनही देऊ नका.

ठरलेल्या दिवसाच्या आठवडाभर आधी एकट्याने किंवा दुकट्याने जागा पाहून या, शक्यतो त्याच वेळेला. चालायला किती लागतं, सावली कुठे आहे, फोनला रेंज आहे का, जवळचा दवाखाना कुठे, गाड्या कुठे लावायच्या, हे सगळं प्रत्यक्ष गेल्यावरच कळतं. गेल्या वर्षीची वाट यंदा ढासळलेली असू शकते.

२. परवानगी लेखी घ्या

‘कोणी काही म्हणत नाही’ ही परवानगी नव्हे. जमीन कुणाची तरी असते. खाण बंद पडली म्हणून ती बेवारस होत नाही. मालकाकडून चार ओळी लिहून घ्या: कोणत्या तारखेला, किती माणसं, हातोडा चालेल का, सापडलेलं घरी नेता येईल का. शेवटचा प्रश्न लोक विचारायचाच विसरतात.

कायदे देशागणिक फार वेगळे आहेत. अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानांतून काहीही उचलता येत नाही. इतर बऱ्याचशा संघीय जमिनींवर मात्र शिंपले, अमोनाइट, वनस्पती अशी सर्वसामान्य जीवाश्मं वैयक्तिक संग्रहासाठी वाजवी प्रमाणात घेता येतात. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या हाडांना, दातांना, पावलांच्या ठशांना परवाना लागतो, आणि २००९च्या कायद्याने तो नियम आणखी पक्का केला. ब्राझीलमध्ये १९४२पासून जीवाश्म ही सरकारी मालमत्ता आहे. मंगोलियातून जीवाश्म बाहेर नेणं बेकायदा आहे. इंग्लंडमध्ये लाइम रीजिस आणि चारमथच्या किनाऱ्यावर सुटा पडलेला जीवाश्म उचलायला हरकत नसते, पण कड्यात खणायला परवानगी लागते आणि महत्त्वाच्या सापडीची नोंद करणं अपेक्षित असतं. तेव्हा परक्या देशात फिरताना आवडलेला दगड खिशात टाकण्याआधी तिथला नियम वाचा.

३. गट लहान ठेवा

एका जाणत्या माणसामागे दहा-बारा जण, माझ्या मते त्याहून जास्त नकोत. दोन जबाबदार माणसं हवीतच: एक पुढे, एक सगळ्यांच्या मागे. मागचा माणूस नसला की फोटो काढणारे आणि ‘एकच दगड फोडून येतो’वाले हमखास मागे राहतात.

जाणता माणूस कुठून आणायचा? महाविद्यालयातले भूशास्त्राचे शिक्षक, निवृत्त भूशास्त्रज्ञ, संग्रहालयातले कर्मचारी, आधीपासून दगड गोळा करणारे हौशी लोक. विचारलं तर बहुतेक जण आनंदाने येतात. एखाद्या मोठ्या दिवसाला धरूनही कार्यक्रम ठेवता येतो. अमेरिकेत २०१०पासून दर ऑक्टोबरात राष्ट्रीय जीवाश्म दिन साजरा होतो, त्या सुमारास तिथली संग्रहालयं आणि उद्यानं लोकांसाठी उपक्रम ठेवतात. लाइम रीजिसला जीवाश्मांचा महोत्सव भरतो. तिथेच १८११-१२मध्ये मेरी ॲनिंग आणि तिच्या भावाने इक्थिओसॉर या माशासारख्या दिसणाऱ्या समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याचा सांगाडा शोधला होता. ज्यांना चढउतार झेपत नाही त्यांच्यासाठी अशी जत्रा सहलीपेक्षा बरी.

आमंत्रणात खोटा मोठेपणा नको. किती चालायचं, ऊन किती, स्वच्छतागृह आहे की नाही, लहान मुलं चालतील का, हे स्पष्ट लिहा.

४. सामान

हातोडा भूशास्त्रीयच हवा. घरातला खिळे ठोकायचा हातोडा दगडावर मारला की त्याचे टवके उडू शकतात आणि पोलादाचा टवका डोळ्यात जायला क्षणही लागत नाही. एका हातोड्यावर दुसरा हातोडा कधीही मारायचा नाही. ठोकायची ती छिन्नी. फोडणाऱ्याला संरक्षक चष्मा सक्तीचा, आणि बघायला वाकलेल्यालाही. टवका बघ्यालाही लागू शकतो.

बाकी यादी छोटी आहे: दहापट मोठं दाखवणारं भिंग, मऊ ब्रश, रद्दी, टिशू पेपर, बंद होणाऱ्या लहान पिशव्या, वही, पेन्सिल, न पुसणारा मार्कर, मोजपट्टी, प्रथमोपचाराची पेटी, भरपूर पाणी. पेन्सिल अशासाठी की ओल्या कागदावर पेनाची शाई पसरते. कडा किंवा खाणीची भिंत असेल तिथे हेल्मेट. मुलांसाठी एक चाळणी घ्या. वाळू चाळताना शार्कचा दात सापडला की मूल दिवसभर तिथून हलत नाही. गुडघे धरलेल्या मोठ्यांनाही बसून करता येण्यासारखं हेच काम आहे.

५. जागेवर पोचल्यावर

पहिली पंधरा-वीस मिनिटं हातोडे पिशवीतच. आधी सगळ्यांना त्याच जागेचा एक खरा नमुना हातात द्या, तो फिरू द्या. मग सगळ्यांनी नुसतं पाहायचं. नजर बसायला वेळ लागतो. ती बसली की आधी नुसती खडी वाटणाऱ्या जमिनीत एकाएकी शिंपलेच शिंपले दिसू लागतात. शोधायच्या गोष्टी म्हणजे सममिती, एकसारखे कंगोरे, आजूबाजूच्या दगडाहून वेगळा रंग किंवा तकाकी. सकाळचं किंवा संध्याकाळचं तिरपं ऊन ठसे उठावदार करतं, भर दुपारी तेच ठसे सपाट दिसतात.

निसर्ग फसवतोही. दगडाच्या फटीत नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी दिसली तर ती बहुतेक मँगनीजच्या खनिजांची असते, पानाची नव्हे. गुळगुळीत गोल दगड हा अंडं नसतो. (सहलीत प्रत्येक वेळी कुणीतरी ‘अंडं’ आणतंच.) हाड वाटलं तर भिंगातून कडा पाहा. हाडाला आत बारीक जाळी असते, दगडाला नसते.

शेल फोडायचं तंत्र समजून घ्या. हा दगड पानापानांचा असतो. त्याला आडवा झोडपला तर चुरा होतो. थर उभे येतील असा तो धरून छिन्नी थराच्या रेषेवर टेकवा आणि हलके ठोके देत कडेने फिरा. तो वहीसारखा उघडतो. उघडला की दोन्ही बाजू जपा: एकीवर जीवाश्म असतो, दुसरीवर त्याचा ठसा, आणि काही बारकावे फक्त ठशावरच उतरलेले असतात. सुंदर बाजू ठेवून दुसरी फेकणारे खूप पाहिले.

समुद्रकिनारी जायचं तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक छापून खिशात ठेवा. पाणी उतरत असताना निघा आणि भरती लागायच्या आत परतीच्या वाटेवर असा. वादळानंतर किनाऱ्यावर नवे दगड येतात हे खरं, पण कडे तेव्हाच सगळ्यात सैल असतात. कड्याच्या पायथ्याशी बसून दगड फोडायचे नाहीत, पाऊस नसला तरी नाही.

आणि सगळं उचलू नका. एकाच जातीचे तीस शिंपले नेऊन कुणाचं भलं होत नाही. पुढच्या गटालाही काही सापडायला हवं.

६. चिठ्ठी

जीवाश्म हातात आला की त्याच जागी, उठण्यापूर्वी, चिठ्ठी लिहायची. ‘घरी गेल्यावर लिहू’ म्हणणाऱ्यांत मीही होतो.

चिठ्ठीवर एवढं हवं: क्रमांक, तारीख, सापडणाऱ्याचं नाव, ठिकाण (फोनवरचे अक्षांश-रेखांश, शिवाय ‘पुलापासून वरच्या अंगाला २०० पावलं, डावा काठ’ असं शब्दांत), कोणत्या थरात, आणि तो खडकात रुतलेला होता की सुटा पडलेला. शेवटची गोष्ट फार महत्त्वाची. सुटा दगड वरच्या कुठल्याही थरातून घरंगळत आलेला असू शकतो. तो ज्यावर पडला होता त्या थराचं वय त्याला चिकटवून चालत नाही.

पिशवीवर, चिठ्ठीवर आणि वहीत क्रमांक एकच. एका पिशवीत एकाच ठिकाणचा माल. जीवाश्म काढण्याआधी मोजपट्टी शेजारी ठेवून दोन फोटो घ्या, एक जवळून, एक लांबून, म्हणजे आजूबाजूचा खडक दिसेल. दिवसभर फक्त ही नोंद सांभाळणारा एक माणूस नेमला तर उत्तम. हे काम कंटाळवाणं वाटतं, म्हणून आम्ही ते पाळीपाळीने करतो.

फोटो सगळ्यांना दाखवायला हरकत नाही, पण नेमकी जागा जाहीर करू नका. फोनमधल्या फोटोत स्थळाची माहिती दडलेली असते, ती आधी काढून टाका. चांगली जागा चोरांना कळली की महिन्याभरात ओरबाडली जाते.

७. मोठं काही दिसलं तर थांबा

एकमेकांना लागून असलेली हाडं, कवटी, पावलांची रांग असं काही दिसलं तर खणू नका. फोटो, मोजमाप, अक्षांश-रेखांश घ्या, सैल मातीने झाका आणि संग्रहालयाला किंवा विद्यापीठाला कळवा. विल्यम वॉकर हे व्यवसायाने प्लंबर. १९८३मध्ये इंग्लंडमधल्या सरे परगण्यातल्या मातीच्या खाणीत त्यांना एक प्रचंड नखी सापडली. ती संग्रहालयापर्यंत पोचली, म्हणून तज्ज्ञांनी तिथे जाऊन बाकीचा सांगाडा नीट काढला. १९८६मध्ये त्या डायनासोरला बॅरिऑनिक्स वॉकेरी हे नाव मिळालं. नखी घरात भिंतीवर टांगली गेली असती तर उरलेला सांगाडा खाणीच्या यंत्राखाली गेला असता.

त्याहून मला चार्निया या जीवाश्माची गोष्ट आवडते. १९५७मध्ये इंग्लंडच्या चार्नवुड जंगलात रॉजर मेसन या शाळकरी मुलाला खडकावर पानासारखा ठसा दिसला. त्याने कागद ठेवून पेन्सिलीने घासून त्याची प्रत उतरवली. वडिलांमार्फत ती बातमी भूशास्त्रज्ञ ट्रेव्हर फोर्ड यांच्यापर्यंत गेली आणि १९५८मध्ये चार्निया मेसोनी हे नाव प्रसिद्ध झालं. त्याच्या वर्षभर आधी टीना नीगस या मुलीने तोच ठसा पाहून शिक्षिकेला सांगितलं होतं. उत्तर मिळालं की इतक्या जुन्या खडकात जीवाश्म नसतातच. सहलीत एखादं मूल दगड घेऊन आलं आणि तुम्हाला खात्रीने वाटलं की हे काही नाही, तरी दोन मिनिटं भिंग लावून बघा.

८. परतल्यानंतर

आठवड्याभरात एक ओळख-बैठक ठेवा. लांब टेबल, चांगला दिवा, दोन-तीन भिंगं आणि प्रत्येकाने आपली पिशवी चिठ्ठीसकट मांडायची. ओळख पटली नाही तर चिठ्ठीवर ‘शिंपला, जात अनोळखी’ लिहा. अंदाजाने लॅटिन नाव ठोकून देऊ नका, चुकीचं नाव एकदा डकवलं की वर्षानुवर्षं पुसलं जात नाही.

सफाई ब्रशने आणि, दगड टणक असेल तरच, पाण्याने. माती किंवा शेल पाण्यात विरघळू शकतो. किनाऱ्यावरचे टणक जीवाश्म गोड्या पाण्यात काही दिवस, पाणी बदलत, भिजवावे, नाहीतर आतलं मीठ सुकताना ते फोडतं. व्हिनेगरने दगड चमकवायचा सल्ला ऐकू नका. चुनखडीतला शिंपला दगडाबरोबर विरघळून जातो. सोन्यासारखे चकाकणारे, पायराइट या खनिजाचे जीवाश्म दमट हवेत भुसभुशीत होतात, त्यांना ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवा. तुटलेलं जोडायला झटपट चिकटणारा गोंद नको, कारण तो पुन्हा सुटत नाही. संग्रहालयांत पॅरालॉइड बी-७२ नावाचा राळेसारखा पदार्थ ॲसिटोनमध्ये विरघळवून वापरतात, तो हवा तेव्हा काढता येतो.

नोंदवहीच्या दोन प्रती काढा. एक गटाकडे राहील, दुसरी परवानगी देणाऱ्या जमीनमालकाला द्या, सोबत चार फोटो. आम्हाला एका खाणीत पुन्हा बोलावलं गेलं ते त्या फोटोंमुळे. मालकाला तोवर माहीतच नव्हतं की आपण समुद्राचा तळ फोडून खडी विकतोय.