सेटटॉप बॉक्स बदलून हवाय? त्याआधी या चुका टाळा

गेल्या आषाढात गावाकडे आईच्या घरचा सेटटॉप बॉक्स बंद पडला. बदलून मिळायला 19 दिवस लागले. आई 71 वर्षांची आहे, पारोळा तालुक्यातल्या एका लहान गावात एकटी राहते. सकाळचे अभंग, संध्याकाळच्या दोन मालिका आणि झोपण्याआधीच्या बातम्या, एवढाच तिचा टीव्ही. पण तेवढ्यामुळे त्या घरात कुणीतरी बोलत असतं. त्या 19 दिवसांत रोज रात्री फोनवर तिचा एकच प्रश्न असायचा, "आला का रे डबा?"

माझं तालुक्याच्या गावी रिचार्जचं दुकान आहे. पिशवीत डबा घालून येणारी माणसं मी वर्षानुवर्षं बघतोय. कंपन्यांची सेवा खेड्यापर्यंत पोचता पोचता ढिली पडते, हे मी स्वच्छ सांगतो, त्यात आपला दोष नाही. पण आपल्या हातून एखादा नंबर, एखादी पावती, एखादा पिनकोड सुटला की तिकडच्या माणसाला "तुमच्याकडूनच राहिलंय" म्हणायला जागा मिळते. ती जागा ठेवू नका, एवढ्यासाठी हे लिहितोय.

डबा गेला असं आधीच ठरवणं

"भाऊ, डबा जयी गया," म्हणजे जळून गेला, असं म्हणत गिऱ्हाईक येतं. मी दुकानातल्या कनेक्शनला डबा जोडतो आणि बऱ्याच वेळा तो व्यवस्थित चालतो. दोष गच्चीवर असतो. मग नवा डबा मागवून, आठ-दहा दिवस थांबून उपयोग काय? तो आला तरी स्क्रीनवर तोच संदेश येणार.

सोपी खूण अशी: स्क्रीनवर "सिग्नल उपलब्ध नाही" असं दिसत असेल तर डबा जिवंत आहे, कारण तो संदेश डबाच दाखवतो. लाईटच लागत नसेल तर आधी अ‍ॅडॉप्टरवर संशय घ्या. आपल्याकडे वीज जाते-येते, दाब कमी-जास्त होतो, त्यात पहिला बळी अ‍ॅडॉप्टरचा जातो. मात्र दुसरा लावताना त्यावर छापलेले व्होल्ट तेच आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त आहेत ना, हे बघा. हाताला लागेल तो लावलात तर चांगला डबा खराब व्हायचा.

सगळ्यात खात्रीची परीक्षा शेजाऱ्याकडे होते. ज्याच्याकडे त्याच कंपनीची छत्री, म्हणजे डिश आहे, त्याच्या केबलला आपला डबा लावून बघा. तिथे चालला, तर डबा बरा आहे. तिथेही नाही चालला, तर तक्रारीत हे आवर्जून सांगा: "दुसऱ्या कनेक्शनवर तपासला, तिथेही बंद आहे." एवढं सांगितलं की "बंद करून चालू करा, केबल काढून लावा" या फेऱ्यांतून पुष्कळदा सुटका होते.

गच्चीवर काय बघायचं? छत्रीच्या पुढच्या दांडीवर सिग्नल पकडणारा जो भाग असतो तो एलएनबी. त्याला केबल जिथे पिनेने जोडलेली असते, ती जागा बघा. आधी डब्याचा स्विच बंद करा, कारण एलएनबीला वीज याच केबलमधून वर जाते. पीन फिरवून काढा. मधली तार तांब्यासारखी लखलखीत हवी. ती काळी पडलेली असेल किंवा पिनेत हिरवट पूड दिसली, तर पावसाचं पाणी आत शिरलंय. केबलचा तेवढा तुकडा कापून नवी पीन लावली की काम होतं. आईच्या आळीतल्या दोन घरांचे टीव्ही मी त्याच आठवड्यात असे चालू करून दिले. आईचा डबा मात्र खरोखरच गेला होता.

छत्री हललीय का तेही बघा. उपग्रह जमिनीपासून सुमारे 36 हजार किलोमीटरवर असतो. इथे छत्री एक अंश सरकली, तर तिकडे नेम सहाशे किलोमीटरहून जास्त चुकतो. मृगाच्या तोंडावर रावेर-यावलकडे केळीच्या बागा आडव्या करणारं वारं सुटतं, ते छत्रीला काय सोडणार? आणि आपल्या धाब्याच्या घरांवर आणखी एक अडचण आहे. पावसाने माती मऊ होते आणि स्टँडचा एक पाय हळूहळू खचतो. छत्री दिसायला जागेवर असते, पण नेम गेलेला असतो. शक्य असेल तर स्टँड भिंतीला पक्क्या बोल्टने लावून घ्या. कंपन्यांचे उपग्रह आपल्याकडून साधारण आग्नेयेला येतात, तेव्हा त्या बाजूला कनेक्शन घेताना लहान असलेला निंब आता वाढून आडवा आलाय का, तेही बघा.

मुसळधार पावसात, काळ्या ढगांत चित्र जाणं हा बिघाड नव्हे. ढग सरला की येतं. मार्चमध्ये आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस दुपारच्या आत काही मिनिटं चित्र जातं. त्या वेळी सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे आलेला असतो. त्याची तक्रार करून काही होत नाही.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 ला टेकतो आणि घराघरांत डब्यावर विणलेला रुमाल असतो. तो रुमाल काढा. डब्याच्या जाळ्या उघड्या राहू द्या.

डबा येईपर्यंत छत्री फिरवणं

ही चूक अलीकडे फार होतेय. नवा डबा येईपर्यंत टीव्ही बंद कशाला ठेवायचा, म्हणून कुणीतरी ओळखीचा डीडी फ्री डिशचा डबा आणतो आणि छत्री तिकडे फिरवतो. फ्री डिशचा उपग्रह 93.5 अंश पूर्व रेखांशावर आहे, तुमच्या कंपनीचा बहुधा वेगळ्या जागी. मग नवा डबा आला की त्याला सिग्नल सापडत नाही, आणि तंत्रज्ञ लिहून जातो, "ग्राहकाने छत्री हलवली." फ्री डिश हवीच असेल तर तिची छत्री वेगळी लावा.

गुगलवरचा पहिला नंबर लावणं

कस्टमर केअरचा नंबर मोबाइलवर शोधून लावू नका. तिथे फसवणाऱ्यांनी टाकलेले नंबरही असतात. डब्याच्या खाली, जुन्या बिलावर किंवा कंपनीच्या अ‍ॅपमध्ये असलेलाच नंबर वापरा. "डबा पाठवतो, आधी पाच रुपये भरा", "हे अ‍ॅप टाका, मी इथून बघतो" असं कुणी म्हणालं की फोन ठेवा. पैसे गेलेच असतील तर ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा. तिथे जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाचण्याची आशा जास्त.

नोंदणीचा मोबाइल कुणाचा आहे, हे न बघणं

आमचं घोडं इथेच अडलं. आईच्या कनेक्शनवर वडिलांचा नंबर होता. ते गेल्यावर वर्षभरात सिम बंद झालं आणि नंबर बदलून घ्यायचं कुणाच्याही डोक्यात आलं नाही. तक्रारीचा मेसेज, डबा निघाल्याचा मेसेज, घेताना द्यायचा ओटीपी, सगळं त्या बंद नंबरवर जात होतं. आठ दिवसांनी मला हे कळलं.

खेड्यात याहून मोठा घोळ असतो. कनेक्शन देताना डीलर घाईत स्वतःचाच नंबर टाकतो. पुढे त्याचं दुकान बंद होतं, तो सुरतला निघून जातो, आणि तुमच्या कनेक्शनची किल्ली त्याच्या खिशात राहते. म्हणून डबा चांगला चालू असतानाच एकदा फोन करून विचारा: नाव कुणाचं, मोबाइल कोणता, पत्ता काय. कनेक्शन गेलेल्या माणसाच्या नावावर असेल तर कोणते कागद लागतील तेही विचारून घ्या. बिघाड झाल्यावर हे करायला गेलात तर त्यातच आठवडा जातो.

फोन झाला म्हणजे तक्रार झाली, असं समजणं

"हो हो, नोंद घेतली" हे ऐकून फोन ठेवू नका. तक्रार क्रमांक मागा, वहीत लिहा, शेजारी तारीख, वेळ आणि बोलणाऱ्याचं नाव लिहा. पहिल्या फोनला मी क्रमांक घेतला नाही. चौथ्या दिवशी पलीकडून सांगितलं गेलं की तशी तक्रारच दिसत नाही. चार दिवस वाया गेले आणि मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली.

त्याच फोनवर आणखी काही गोष्टी विचारून घ्या. डबा माझ्या मालकीचा की भाड्याचा? वॉरंटी आहे का? माणूस घरी येण्याचे पैसे किती? बदली डबा नवा येणार की दुरुस्त केलेला? जुना परत द्यायचा का, आणि कुणाकडे? बंद पडलेल्या दिवसांचे पैसे खात्यात परत मिळणार का? ही शेवटची मागणी ईमेलने लेखी करा, तोंडी मागितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही. आणि "बदली कशाला, नवं कनेक्शनच घ्या" असा सल्ला मिळाला तर घाई करू नका. जुन्या खात्यातली शिल्लक त्या नादात राहून जाते. शिवाय एका कंपनीचा डबा दुसरीकडे चालत नाही, म्हणून पुढच्या कंपनीत गेलात तरी खर्च पहिल्यापासून.

पत्ता अर्धवट सांगणं

खानदेशात पत्ता जपून सांगावा लागतो. अमळनेर म्हटलं तर बीड जिल्ह्यातही अमळनेर आहे. शिरपूर वाशिमकडेही आहे. पिंपळनेर साक्री तालुक्यात आहे तसं बीडकडेही आहे. बुद्रुक आणि खुर्दची गावं तर पावलोपावली, आणि "पिंपळगाव" एवढंच सांगितलंत तर कुणाला कळणार?

पिनकोडचा फसवा भाग असा की तो जिल्ह्याच्या हद्दीप्रमाणे चालत नाही. चाळीसगाव जळगाव जिल्ह्यात, पण पिन 424101, म्हणजे धुळ्याच्या रांगेतला. पाचोऱ्याचा 424201, तोही तसाच. उलट शिरपूर धुळे जिल्ह्यात, पण पिन 425405. कॉल सेंटरवर बसलेला माणूस पिन बघून जिल्हा गृहीत धरतो, आणि पार्सल कुरिअरच्या भलत्या हबला, म्हणजे गोदामाला जाऊन पडतं. म्हणून गाव, बुद्रुक की खुर्द, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिन, जवळची खूण (मारुतीचं मंदिर, ग्रामपंचायत, दूध डेअरी) आणि घरात दिवसा असणाऱ्या माणसाचा दुसरा मोबाइल नंबर, हे सगळं सांगा. मग समोरच्याकडून एकदा वाचून घ्या.

"ग्राहक घरी नव्हता" हे ऐकून गप्प बसणं

अकराव्या दिवशी मला अ‍ॅपमध्ये दिसलं: डिलिव्हरीचा प्रयत्न केला, ग्राहक उपलब्ध नाही. मी आईला फोन लावला. ती म्हणाली, "मी ते सकायपाईन वट्टावरच बठेल शे." सकाळपासून ती दारातल्या ओट्यावर बसून होती. जेवणसुद्धा तिने तिथेच केलं होतं. गावात त्या दिवशी कुरिअरचं कुणी फिरकलंच नव्हतं.

असं झालं तर त्याच दिवशी तक्रार करा, उद्यावर टाकू नका. फोनमधल्या कॉलच्या यादीचा स्क्रीनशॉट काढा, कुरिअरकडून एकही फोन आला नाही हे त्यात दिसतं. अ‍ॅपमधल्या त्या नोंदीचाही काढा. दोन्ही ईमेलने पाठवा आणि पुढची तारीख लेखी मागा. काही वेळा असे दोन-तीन प्रयत्न दाखवून पार्सल परत जातं आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. लांबच्या गावाला येणं कुरिअरवाल्याला परवडत नाही, हे मला समजतं. तो पोरगाही पार्सलमागे मिळणाऱ्या पैशांवर राबतो. पण मग त्याने "तालुक्याच्या हबवरून घेऊन जा" असं फोन करून सांगावं. आम्ही शेवटी तेच केलं. मी स्वतः हबवर जाऊन पार्सल सोडवलं.

खोका न बघता ओटीपी देणं

ओटीपी दिला की माल मिळाला असं कागदोपत्री ठरतं. सील फुटलेलं असेल, खोका दबलेला असेल तर आधी फोटो काढा, मग बोला. उघडताना मोबाइलवर सलग व्हिडिओ घ्या: सील, आतला डबा, डब्याखालचा सिरीयल नंबर, अ‍ॅडॉप्टर, रिमोट. आमच्या खोक्यात अ‍ॅडॉप्टर नव्हता. व्हिडिओ होता म्हणून तो तीन दिवसांत आला, नाहीतर "आम्ही दिला होता" यावरच वाद संपला असता.

लावल्यानंतर नव्या डब्याचा नंबर तुमच्या ग्राहक क्रमांकाशी जोडला गेलाय का, जुन्या खात्यातले पैसे दिसतात का, पॅक तोच आहे का, हे डबा लावायला आलेला माणूस घरात असतानाच तपासा. आणि जुना डबा पावतीशिवाय कुणाच्याही हाती देऊ नका. पावतीवर सिरीयल नंबर आणि तारीख हवी. काही महिन्यांनी "जुना डबा जमा नाही, त्याचे पैसे भरा" असा फोन आला तर दाखवायला तुमच्याकडे तेवढाच कागद असतो.

कॉल सेंटरपाशीच थांबणं

तिथे दाद लागली नाही तर वर जाण्याची वाट आहे. प्रत्येक राज्यासाठी कंपनीला तक्रारी बघणारा नोडल अधिकारी नेमावा लागतो, त्याचा पत्ता कंपनीच्या वेबसाइटवर असतो. तक्रार क्रमांक घालून त्याला लिहा. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, नियम करते, पण एकेका ग्राहकाचा वाद सोडवत नाही, तेव्हा तिकडे पत्रं लिहिण्यात वेळ घालवू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर मराठीत बोलता येतं. तिथे नोंद झाली की कंपनीला उत्तर मागितलं जातं.

त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनीचं मुख्य कार्यालय दिल्ली-मुंबईला असलं तरी चालतं. तुम्ही मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची. वकील लागतोच असं नाही. हजार-दीड हजारांच्या डब्यासाठी एवढं करावं का, असं लोक मला विचारतात. माझं म्हणणं, 1915 पर्यंत तर नक्की जा. पैसे घेऊन महिना महिना फिरवत असतील तर पुढेही जा.

आईचा टीव्ही आता चालू आहे. कनेक्शन तिच्या नावावर केलं, मोबाइल माझा टाकला, ग्राहक क्रमांक मोठ्या अक्षरात लिहून टीव्हीच्या मागे चिकटवला. जुना डबा न्यायला मध्ये एक माणूस येऊन गेला, पण त्याच्याकडे पावतीपुस्तक नव्हतं. आईने त्याला चहा दिला आणि डबा दिला नाही. तो अजून कपाटात, साड्यांच्या खाली, कापडात गुंडाळून ठेवलाय.